रिक्तिका

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला भडंगाची तल्लफ येणं हा सांगलीतला जुना आजार आहे. आमच्या घरात तो पिढीजात. बायकोनं डबा खाली काढला आणि फर्मावलं, "अहो, तेवढा कांदा चिरा." मी बसलो. पहिल्याच कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला तो ओला, काचेसारखा पापुद्रा बोटाला चिकटून निघाला आणि माझा हात थांबला. या पापुद्र्याची आणि माझी जुनी ओळख. आठवी ब.

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. वर्षभर कपाटात, कुलपात, हिरव्या कापडाखाली. तो बाहेर निघाला त्या दिवशी सगळ्या वर्गाची रांग लागली आणि सर एकच वाक्य म्हणत राहिले, "डोळा लावा, हात लावू नका." आरसा खिडकीकडं वळवलेला, काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा, त्यावर आयोडीनचा थेंब. माझा नंबर आला तेव्हा आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग पिवळसर विटांची भिंत दिसली आणि तिच्यात जाड काळ्या कडेचं एक झोकदार वर्तुळ. पेशीचं केंद्रक! वहीत मी ते पेन्सिल जिभेला लावून लावून गडद केलं. सरांनी लाल शाईत शेरा मारला, 'हवेचा बुडबुडा'.

खरं केंद्रक म्हणजे भिंतीला टेकून बसलेला एक तांबूस ठिपका होता. मधली सगळी जागा रिक्तिकेनं, म्हणजे पेशीतल्या एका मोठ्या पिशवीनं, अडवलेली, मग ते बिचारं कडेलाच बसणार.

परीक्षेत मात्र बघितलेलं काढायचंच नसे. 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.' उजवीकडं पट्टीनं समांतर रेघा, नावं एकाखाली एक. तंतुकणिका शेंगदाण्यासारख्या, गॉल्गी पिंड म्हणजे एकावर एक रचलेल्या भाकऱ्या. यातलं काहीएक आमच्या त्या सूक्ष्मदर्शकातून दिसलं नव्हतं, तरी पाचपैकी पाच मिळायचे. सर सांगायचे, पेशी म्हणजे कारखाना. आमच्या जिल्ह्यात कारखाना म्हणजे साखरेचाच. तेव्हा केंद्रक झालं चेअरमन, तंतुकणिका बॉयलर, प्रद्रव्यपटल म्हणजे कुठली बैलगाडी आत सोडायची ते ठरवणारा गेटावरचा वॉचमन, आणि गॉल्गी पिंड माल भरून, शिक्के मारून पाठवणारं खातं. लयकारिका फुटल्या की स्वतःचीच पेशी पचवतात, म्हणून त्यांना पुस्तकात 'आत्मघाती पिशव्या' म्हटलं होतं. "सर, कारखान्यात त्या कोण?" असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. सर हसले आणि फळा पुसायला लागले.

रिक्तिकेला या कारखान्यात काही हुद्दाच नव्हता. नावच रिक्त. वाढ झालेल्या वनस्पतिपेशीत ती ९० टक्क्यांपर्यंत जागा व्यापते, पण आकृतीत मधे कोरा पांढरा कागद. मला ती आवडायची ती त्यासाठीच, काही काढावं लागत नसे. एकदा तिथं मी माझं नाव लिहिलं. अर्धा मार्क गेला.

रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाच्या कापात ज्या कोठड्या पाहिल्या, त्या खरोखरच रिकाम्या होत्या. मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. कांद्याचं तसं नाही. गंधक असलेला एक पदार्थ कांद्याच्या पेशीद्रव्यात असतो आणि त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या कोऱ्या पांढऱ्या रिक्तिकेत कोंडलेलं असतं. दोघं एकाच घरात, पण मधे पडदा. सुरी फिरली की पडदा फाटतो, गाठ पडते, आणि पुढं डोळ्यांत जातो तो वायू तयार होतो. तो तयार करणारं आणखी एक वेगळं विकर असतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं ते २००२ साली. तोवर मला शाळा सोडून जमाना झाला होता.

आमचे आबा कधी शाळेत गेले नाहीत. तासगावकडच्या मळ्यात दुपारी फडकं सोडलं की ते कांदा भाकरीशेजारी ठेवून वर बुक्की मारायचे. मी एकदा चाकू पुढं केला तर म्हणाले, "सुरी लावू नगंस. कांदा चिडतुया." बुक्कीनं पाकळ्या नुसत्या सुट्या होतात, पेशी कमी चिरल्या जातात, म्हणून तो कमी चिडत असावा. हे आपलं माझं अनुमान. बुक्कीचा कांदा गोड लागायचा एवढं मात्र खात्रीनं सांगतो.

शेवटच्या वर्षी त्यांचा उजवा हात गेला. डावीनं दोनदा मारून पाहिलं, कांदा गडगडत अंगणात गेला. मी तो उचलून आणला, धुतला आणि काही न बोलता सुरीनं चिरला. त्यांनी फोड हातात घेतली, बराच वेळ धरून बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "लई चिडला बघ."

"झाला का कांदा?" आतून हाक आली. झाला होता. मघाशीच मी त्याला मीठ लावून ठेवलं होतं, त्याचं पाणी सुटून ताटलीत तळं झालेलं. ते तसंच भडंगात गेलं.

"मीठ कशाला लावून ठेवलंत? मऊ पडलं की सगळं."

पडलं खरं. खाल्लं तसंच.