वाकडी भिंत आणि पुस्तकांचा रॅक: माझा अनुभव

"मॅडम, तुमची भिंतच वाकडी आहे, त्याला आम्ही काय करणार?" असं म्हणून रॅक फिट करायला आलेला माणूस निघून गेला आणि पाठोपाठ मोबाइलवर मेसेज आला, 'इन्स्टॉलेशन पूर्ण झाले.' समोर सात फुटी रॅक नुसत्या हाताच्या धक्क्याने डुलत होता. घरात चार वर्षांची मुलगी, दिसेल त्यावर चढणारी. त्या मेसेजचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आमची इमारत पुण्यातली, सत्तरच्या दशकातली, लोड बेअरिंगची, म्हणजे सगळा भार भिंतींवर पेलणारी. नऊ इंची विटांच्या भिंती, हाताने केलेला गिलावा, त्यावर इतक्या वर्षांचे रंगाचे आणि पुट्टीचे थर. मधे कधीतरी वायरिंग बदललं तेव्हा भिंतीत खाच मारून पाइप बसवले आणि वरून सिमेंट थापलं. हॉलच्या भिंतीला नेमकं तिथेच, छातीच्या उंचीवर, पोट आलंय. नुसतं बघून ते कळत नाही. लांब सरळ पट्टी भिंतीला आडवी लावायची आणि वरच्या कडेला टॉर्च धरायचा. पट्टीखालून जिथे उजेड झिरपतो तिथे खळगा, जिथे अडतो तिथे पोट.

रॅक निवडणं, पैसे भरणं, घरपोच येणं यात काहीच अडचण आली नाही. दोन रॅक, प्रत्येकी सात फूट उंच, अडीच फूट रुंद, एक फूट खोल, पार्टिकल बोर्डचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे), मिनीफिक्सने, म्हणजे फळीच्या आत बसणाऱ्या फिरत्या खिट्ट्यांनी जोडायचे. अडलं ते फिटिंगला.

त्या माणसाने रॅक जोडले आणि भिंतीला नेऊन चिकटवले. खाली स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली फरशीची पट्टी) अर्धा इंच पुढे आलेलं, मधे भिंतीचं पोट, आणि वर भिंत मागे गेल्यामुळे इंचापेक्षा जास्त फट. रॅक पुढे पडू नये म्हणून वरच्या बाजूला एल पट्टी देतात, ती त्याने त्या फटीवरूनच भिंतीला आवळली. स्क्रू घट्ट होत गेला तसा रॅकचा माथा मागे ओढला गेला, अख्खा सांगाडा पिळला आणि पुढचा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला. मी त्याखालून वर्तमानपत्राची घडी सरकवून दाखवली. तर म्हणे, "पुस्तकं भरा, वजनाने बसेल."

हे वाक्य कुणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा. पुस्तकांचं वजन आपल्याला वाटतं त्याहून खूप जास्त असतं. एक फूट लांबीची रांग साधारण आठ ते दहा किलो धरा. अडीच फुटाच्या सहा फळ्या भरल्या की सव्वाशे ते दीडशे किलो होतात. एवढा भार तीन पायांवर आला तर जोड खिळखिळे होणारच, आणि पार्टिकल बोर्डमधलं भोक एकदा भुसभुशीत झालं की त्यात स्क्रू पुन्हा पकडत नाही.

मी कंपनीकडे तक्रार नोंदवली. हेल्पलाइनवरच्या मुलीने फोटो मागितले, तेही समोरून काढलेले. समोरून काढलेल्या फोटोत रॅक छान दिसतो, कारण फट मागे असते! मी बाजूने काढलेले फोटो पाठवले, तर 'फोटो नियमानुसार नाहीत' म्हणून तक्रार बंद. पुन्हा उघडली. उत्तर आलं, भिंत प्लास्टर करून सरळ करून घ्या, मग फिटिंगची विनंती टाका. एका रॅकसाठी अख्ख्या भिंतीचा गिलावा? म्हणजे हॉल रिकामा करा, जुना गिलावा फोडा, नव्याला आठवडाभर पाणी मारा, मग तो वाळायची वाट बघा, मग पुट्टी, मग रंग. सांगणाऱ्याने हे काम आयुष्यात कधी करून घेतलेलं नसणार.

त्यानंतरचं उत्तर तर कहर होतं. 'आपण ओटीपी देऊन काम समाधानकारक असल्याचे कळवले आहे.' मी फिटिंगचा ओटीपी दिलाच नव्हता. माल उतरवणाऱ्या मुलांनी माल मिळाल्याचा म्हणून जो ओटीपी घेतला, त्याच्यावरच यांनी फिटिंगची नोंदही पूर्ण करून टाकली होती. त्यामुळे ओटीपी मागितला की कशासाठीचा ते विचारा, मेसेज पूर्ण वाचा, आणि फिटिंगचा वेगळा आहे का हे डिलिव्हरीच्या आधीच फोन करून विचारून ठेवा.

शेवटी दोन गोष्टींनी काम हललं. एक, ओळंब्याचा फोटो. रॅकच्या माथ्यावरून दोऱ्याला जड नट बांधून सोडला, दोरा स्थिर झाल्यावर वर आणि खाली पट्टी धरून दोन्ही अंतरं एकाच फोटोत घेतली. रॅक किती कलला आहे हे त्यात मिलिमीटरमध्ये दिसत होतं, त्यावर वाद घालायला जागाच नव्हती. दुसरं म्हणजे तक्रारीची भाषा बदलली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवेतील त्रुटी' ही तक्रारीची स्वतंत्र बाब आहे. तेच शब्द वापरून ई-मेल केला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली. मग कुणीतरी वरिष्ठ फोनवर आले, नीट बोलले. फिटिंगचे पैसे परत मिळाले आणि एक माणूस येऊन ती एल पट्टी काढून गेला. रॅक सरळ करून द्यायची तयारी मात्र शेवटपर्यंत कुणी दाखवली नाही. मी एवढं लेखी घेतलं की रॅकखाली पाचर (एका बाजूला निमुळता लाकडी तुकडा) आणि मागे ठोकळे लावल्याने वॉरंटी जाणार नाही. हे तुम्हीही घ्या, कारण रॅकला करवत लावली तर वॉरंटी जाते असं त्यांच्या पत्रकात होतं.

पुढचं काम आमच्या आळीतल्या सुतारकाकांनी अर्ध्या दिवसात केलं. ते आल्यावर आधी खाली बसले. भिंतीकडे बघितलंच नाही, मोझॅकच्या फरशीवर पाणसळ (उतार दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवली. फरशीला बाल्कनीच्या दिशेने उतार निघाला. मला म्हणाले, "ताई, भिंतीचं ऐकायचंच नाही. रॅक जमिनीवर आपल्या पायांवर सरळ उभा करायचा, भिंत कितीही वाकडी असू दे."

पहिल्यांदा त्यांनी रॅकची कोनाकोन मापं घेतली. दोन्ही सारखी आली म्हणजे रॅक गुण्यात, सगळे कोपरे काटकोनात. मागचा पातळ हार्डबोर्ड त्यानंतरच ठोकायचा, कारण रॅकला त्याच आकारात धरून ठेवण्याचं काम तोच करतो. मग दोन्ही रॅक बाजूबाजूला लावून बोल्टने एकमेकांना जोडले, पाया दुप्पट रुंद झाला. मग भिंतीच्या पोटाला जेमतेम न टेकतील इतके पुढे ओढले आणि सागवानी पाचरी सारून ओळंब्यात आणले. पाचर नुसती कोपऱ्यावर नको, उभ्या फळीच्या बरोबर खाली हवी, कारण सगळं वजन तिथूनच उतरतं.

वरच्या फटीत त्यांनी लाकडाचे ठोकळे घातले. डावीकडचा जाड, उजवीकडचा थोडा पातळ, प्रत्येक जागी फट मोजून कापलेले. ठोकळा फटीत घट्ट बसला की स्क्रू कितीही आवळा, रॅक मागे ओढला जात नाही. पहिल्या माणसाने एवढंच केलं असतं तर माझा सगळा मनस्ताप वाचला असता.

ड्रिल मारताना काका खाली पडणारी धूळ बघत होते. आधी पांढरी आली, ती पुट्टी. मग करडी, तो गिलावा. मग लाल, म्हणजे वीट लागली. लाल धूळ येऊन दीडेक इंच आत गेल्यावरच त्यांनी रावळप्लग (भिंतीत स्क्रू धरून ठेवणारी नळी) ठोकला. एका ठिकाणी लाल येऊन पुन्हा करडी आली, म्हणजे बिट दोन विटांमधल्या सांध्यात गेलं होतं. तिथे प्लग फिरतो, धरत नाही. ते भोक बुजवून इंचभर बाजूला नवीन पाडलं. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली ड्रिल मारू नका हेही त्यांनीच बजावलं, कारण पाइप तिथूनच गेलेला असतो.

दरवाजाच्या बाजूने दिसणारी फट झाकायला त्यांनी प्लायची पट्टी रॅकला लावून उभी धरली. पेन्सिलीला छोटा लाकडी तुकडा जोडला आणि तो तुकडा भिंतीला टेकवत वरपासून खालपर्यंत फिरवला. भिंतीचा सगळा वाकडेपणा पट्टीवर रेघेत उतरला. रेघेवर कापून, रंध्याने घासून पट्टी बसवली, तर पोस्टकार्डही आत जाईना! दुसरी बाजू मुद्दाम उघडी ठेवली. मागे हवा खेळली नाही तर पावसाळ्यात ओल धरते आणि पुस्तकांना कसर लागते.

भरताना शब्दकोश आणि जाड ग्रंथ सगळ्यात खाली, दिवाळी अंकांचे गठ्ठे त्याच्या वर. पूर्ण भरल्यावर आठवड्याने पाचरी पुन्हा तपासा, नवीन वजनाने एखादी सैल होते. आमची एक झाली होती, हातोडीच्या हलक्या टोल्याने बसली. आता मुलगी खालच्या फळीला लोंबकळली तरी रॅक तसूभर हलत नाही, आणि मला खरंच हायसं वाटतं.

दुकानात असतानाच विचारायची एक गोष्ट राहिली. पायांना उंची कमीजास्त करायचे स्क्रू आहेत का बघा. त्यासाठी दोन पैसे जास्त पडले तरी द्या, कारण मग खालच्या पाचरींचं काम पान्याने होतं. आणि रॅकच्या मागच्या पायाशी स्कर्टिंगसाठी खाच आहे का हेही बघा. ती असेल तर रॅक निदान अर्धा इंच तरी मागे सरकतो.