कानातली डॉल्बी

मागच्या मार्चमध्ये माझ्या जुन्या इअरफोनचा डावा कान गेला. प्लगपाशी वायर दुमडून धरली की आवाज यायचा, सोडली की जायचा. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासताना एका हातात लाल पेन आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत वायर, असे मी तीन आठवडे काढले. शेवटी भाच्यालाच ते बघवेना.

"आत्या, बास की आता. चांगला हेडफोन घे एक. थांब, मी बघतो."

त्यानं बघितला. गुलाबी-सोनेरी रंगाचा, कानावर वाटीएवढा बसणारा, बाजूला चमचमणारं चिन्ह, ब्लूटूथ, बाहेरचा आवाज कापायची सोय. सेलमध्ये साडेसहा हजार. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हेडफोनमध्ये बिघाड असा काहीच नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडला होता. स्टाफरूममध्ये तिघींनी हातात घेऊन बघितला. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाताना मी तो गळ्यात अडकवून जायला लागले, गाणं लावलेलं नसलं तरी.

आता माझं ऐकणं काय, ते सांगायला हवं. मी शाळेत गणित शिकवते आणि चाळिशी उलटल्यावर गाणं शिकायला लागले. आमच्या बाई जयपूर घराण्याच्या. कोल्हापुरात राहून हे घराणं टाळता येत नाही. अल्लादिया खाँसाहेब इथं शाहू महाराजांच्या दरबारात होते. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, आपल्या धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. बाईंचा हुकूम असा की रोज अर्धा तास गायचं आणि एक तास ऐकायचं. ऐकायचं म्हणजे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मन्सूर, सगळे याच घराण्याचे. त्यातलं बरंचसं मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं, तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खा राग.

नव्या हेडफोनवर पहिल्या दिवशी तंबोरा लावला आणि वाटलं, शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली.

माझी पट्टी काळी चार. म्हणजे षड्ज, माझा सा, साधारण 208 हर्ट्झ (सेकंदाला 208 कंपनं) आणि तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सा, त्याच्या निम्मा, 104. नेमका त्याच भागात या हेडफोननं आवाज फुगवलेला होता. खर्जाची तार छेडली की घुमारा उठायचा आणि जवारीतून, म्हणजे तारांखालच्या घोडीवरून, जे वरचे बारीक स्वर झरतात, ज्यांच्यावर खरं तर सूर टेकवायचा असतो, ते त्या घुमाऱ्याखाली गडप. कानाचं हे असंच आहे. खालच्या पट्टीतला मोठा आवाज आला की वरचा नाजूक आवाज तो झाकून टाकतो. बायाँवरचा, म्हणजे तबल्याच्या डग्ग्यावरचा, प्रत्येक 'घे' म्हणजे वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवतंय. आणि केसरबाई? गोधडी पांघरून गातायत असं वाटायचं. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. सूर्याच्या वाऱ्यापलीकडे, ताऱ्यांमधल्या पोकळीत पोचलेली ती भैरवी मंगळवार पेठेत मात्र नीट ऐकू येईना.

आधी मी माझ्याच कानांना दोष दिला, मग रेकॉर्डिंगला. मग भाच्याला बोलावून त्याची आवडती गाणी लावायला सांगितली. त्यानं मान डोलावत ऐकलं आणि म्हणाला, "नाद खुळा!" मी ऐकलं. खरोखरच भारी वाजत होतं. ती गाणी त्या ठोक्यासाठीच बनवलेली होती आणि हेडफोनही.

तेव्हा उजेड पडला. ही कानातली डॉल्बी आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर जी स्पीकरची भिंत उभी असते, तिला डॉल्बी म्हणतात. छातीत धडधडलं, खिडकीची तावदानं थरथरली, म्हणजे आवाज चांगला. गंमत अशी की रे डॉल्बी यांनी 1965 साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायचं तंत्र घेऊन. गोंगाट घालवणाऱ्या माणसाचं नाव आम्ही गोंगाटालाच दिलं. असो. त्या भिंतीसमोर नाचत मोठ्या झालेल्या पोराला आवाज म्हणजे धक्का वाटतो, यात त्याचं काय चुकलं?

हेडफोन हा दागिना कधी झाला, हेही मी मधल्या काळात वाचून काढलं. आयपॉडच्या पांढऱ्या वायरी लोक मुद्दाम दिसतील अशा मिरवत. मग 2008च्या सुमारास डॉक्टर ड्रे या रॅपरच्या नावाचे बीट्स हेडफोन आले, खेळाडूंच्या नि गायकांच्या गळ्यात दिसायला लागले, आणि 2014 साली अ‍ॅपलनं ती कंपनी 3 अब्ज डॉलरला घेतली. माझा जोड त्यांचा नव्हता, पण वळण तेच: गळ्यात शोभला पाहिजे आणि पहिल्या दहा सेकंदांत ऐकणारा 'वा' म्हणाला पाहिजे.

परत करायचा प्रयत्न केला. उत्तर आलं की दोष असेल तर बदलून मिळेल, आवडला नाही म्हणून परत नाही. दोष काय सांगणार, खर्ज फुगतो म्हणून?

मग फोनमधल्या इक्वलायझरमध्ये शिरले, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे भाग वेगवेगळे कमीजास्त करायची सोय असते तिथं. खालचे दोन पट्टे चांगलेच खाली ओढले, मधला किंचित वर. निम्मं दुखणं तिथंच गेलं, हे कबूल केलं पाहिजे. ज्यांच्याकडे असा फुगीर हेडफोन आधीच आहे त्यांनी नवीन घ्यायच्या आधी हे नक्की करून बघावं, फुकट आहे. माझं भागलंही असतं, पण दुसरी अडचण त्याहून मोठी निघाली.

तो कानात घालून तंबोऱ्याबरोबर गायला बसले की मी जोरात गायचे. गाद्यांनी कान बंद, त्यामुळे स्वतःचा आवाज डोक्याच्या आतून, घुमल्यासारखा यायचा. बाईंनी दोन दिवसांतच ओळखलं. "अगं, तू कुणाला हाका मारतेयस? आणि सूर चढतोय तुझा." एक कान उघडा ठेवून बघितला. मग तंबोरा एकाच बाजूला.

म्हणून रीतसर शोध सुरू केला. राजारामपुरीतली तीन-चार दुकानं पालथी घातली. सगळीकडे माल सीलबंद. "लावून बघू का?" म्हटलं की, "मॅडम, बॉक्स फोडला की तुम्हालाच घ्यावा लागंल." एका ठिकाणी रंग दाखवले सात आणि आवाजाबद्दल विचारलं तर म्हणाले, "बेस एकदम कडक." खोक्यावर काय, तर 40 मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, आणि 5 हर्ट्झ ते 40 हजार हर्ट्झ. माणसाला अगदी तरुणपणी 20 हजारांपर्यंत ऐकू येतं आणि माझ्या वयात त्यातला वरचा बराच मुलूख गेलेला असतो. शिवाय 78च्या तबकडीवर इतक्या वरचं काही उतरलेलंच नाही, असते ती सुईची खरखर. गणिताच्या बाईला तरी हे खोक्यावरचे आकडे विकू नयेत. कुठून कुठपर्यंत वाजतो याला अर्थच नाही; मधल्या वाटेवर कुठे फुगतो, कुठे खचतो, हे विचारायचं. ते खोक्यावर कुणीच छापत नाही.

शेवटी बाईंनीच एका काकांकडे पाठवलं. नाटकांना, भावगीतांच्या कार्यक्रमांना साउंड देतात. त्यांच्या गोदामात वायरींच्या वेटोळ्यांमध्ये बसून जे दीड तासात शिकले ते महिनाभराच्या वाचण्यात मिळालं नव्हतं.

त्यांनी स्वतःचा हेडफोन दिला. सोनीचा एमडीआर-7506. गादीचं आवरण सोललेलं, वायर टेलिफोनच्या वायरीसारखी गुंडाळीची, दिसायला अगदीच सरकारी. "1991 पासून हेच मॉडेल येतंय, वैनी. रंग बदलला नाही, काय नाही." मी घरून तीन गोष्टी फोनमध्ये भरून नेल्या होत्या: बाईंच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग, केसरबाईंची एक तबकडी, आणि बाईंचं साधं बोलणं. बोलणं कशाला, तर ज्यांचा आवाज रोज समोर बसून ऐकते त्यांचा आवाज तरी हेडफोननं बदलू नये.

काकांनी आधी एक खोडी केली. माझा गुलाबी आणि त्यांचा काळा आलटून पालटून ऐकवला आणि विचारलं, कुठला बरा? मी म्हटलं, गुलाबीच भरदार वाटतोय. ते हसले. गुलाबीचा आवाज त्यांनी जरासा मोठा ठेवला होता. मग दोन्ही सारखे केले आणि पुन्हा ऐकवले. माझं मत तिथल्या तिथं उलटलं. "मोठा आवाज चांगलाच वाटतो. दुकानात हीच गंमत असते," काका म्हणाले.

काळ्यावर केसरबाई गोधडीतून बाहेर आल्या. त्यांच्याबरोबर तबकडीची सगळी खरखर, चरचरही आली. पहिल्यांदा ती नकोशी झाली. दहा मिनिटांनी कान तिच्या पलीकडे बघायला लागला आणि तान घेण्याआधीचा श्वास ऐकू आला. आवर्तन कुठं भरून समेवर कसं उतरतात, ते बाई हातवारे करून सांगायच्या. ते त्या गोदामात कानानं दिसलं.

पण तोही बंद कानांचा. गायला बसले की पुन्हा हाका मारणं आलंच. काका म्हणाले, मग तुम्हाला ओपन पाहिजे. ज्याच्या वाटीला पाठीमागून जाळी असते, आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. सेनहायझरनं 1968 साली असा पहिला हेडफोन काढला. आता मंगळवार पेठेत असा हेडफोन घालणं म्हणजे खिडकी उघडी टाकून झोपणं. फुटबॉलचा हंगाम असला की तालमीची पोरं रात्री अकराला जिंकून येतात, ती सगळी कानात. तेव्हा मधला मार्ग निघाला: अर्धवट उघडा. एकेजी कंपनीचा के-240 स्टुडिओ. काकांनी बजावलं, "आणि वॅट विचारत बसू नका, ओहम बघा." ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. 250 ओहमचा हेडफोन फोनवर कण्हत कण्हत वाजतो, त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. हा 55चा, भागेल म्हणाले.

कोल्हापुरात मिळाला नाही, मागवला. गुलाबीपेक्षा हजारभर रुपयांनी स्वस्तच. काळा, वाटीभोवती सोनेरी कडं, डोक्यावर दोन बारीक कमानी. आणि वायर 3 मीटर! फोन ठेवायचा माझ्या पुढ्यात आणि वायर पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. पहिल्याच आठवड्यात ती कुकरच्या दांड्याला अडकली.

त्याआधी आणखी एक नाटक झालं. माझ्या फोनला गोल भोकच नाही. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून दीडशे रुपयांची जोडवायर आणली, तर आवाज बंद. दुसरी आणली, तीच गत. मग कळलं की काही जोडवायरी नुसत्या वायरी असतात. फोन स्वतः तयार आवाज बाहेर देत असेल तरच त्या चालतात, आणि माझा फोन देत नाही. ज्या वायरीच्या पोटात फोनमधून येणाऱ्या आकड्यांपासून आवाज तयार करणारी छोटी चिप असते, जिला डॅक म्हणतात, तीच घ्यावी लागते. ती सातशेला मिळाली. मोबाइलवाल्यालाही हा फरक ठाऊक नव्हता. पण माणूस भला, दोन्ही जुन्या परत घेतल्या त्यानं.

ब्लूटूथ सोडल्याचं दुःख झालं का? थोडं. रेंगाळत येणारा आवाज गेला, हे बरं झालं. तबल्याच्या अ‍ॅपबरोबर गाऊन स्वतःला रेकॉर्ड करायचं तर ब्लूटूथवर सम हमखास पुढेमागे व्हायची. पण वायर म्हणजे वायर.

भाच्यानं घालून बघितला आणि म्हणाला, "आत्या, बेस कुठाय?" शाळेतल्या एका सहकारी बाईंनी फोटो बघून विचारलं, कॉल सेंटरला लागलीस काय गं. आमच्या बाईंनी मात्र तो कानावर चढवला, तंबोरा लावायला सांगितला, डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पंचमाची तार किंचित उतरलीय." रेकॉर्डिंगमधली तार खरंच उतरलेली होती. इतके महिने मी त्याच उतरलेल्या तारेवर रियाज करत होते.

गुलाबी हेडफोन भाच्याला देऊन टाकला. तो जिममध्ये घालतो, एसटीनं सांगलीला जाताना घालतो, इंजिनाची घरघर छान कापतो म्हणे.

अनंत चतुर्दशीला मात्र मी तो एका रात्रीपुरता परत मागून घेतला. आमच्या बोळाच्या तोंडाशी दुपारपासूनच भिंत उभी होती. अर्धवट उघड्या के-240चा तिथं काय पाड? रात्री दहाच्या सुमारास तावदानं थरथरायला लागली, तशी मी गुलाबी वाट्या कानावर चढवल्या, आवाज कापायचं बटण दाबलं, आणि गाणं न लावताच पेपर तपासत बसले.