आमची वाटचाल : आधी पाठ, मग खोगीर

आमच्याकडे नव्या खोगिराची मागणी आली की पहिला प्रश्न उंचीचा नसतो. घोडा कोणत्या जातीचा, हे आम्ही आधी विचारतो आणि मग त्याच्या पाठीचा साचा घेतो. कामाची ही पद्धत दुरुस्तीच्या बाकावर घडली. भांडवल कमी होतं, त्यामुळे स्वतःचा माल काढण्याआधी बरीच वर्षं आम्ही तुटलेले तंग, झिजलेले रिकिबीचे पट्टे आणि दबलेल्या गाद्याच दुरुस्त करत होतो.

वापरलेलं खोगीर उलटं केलं की ते कोणत्या पाठीवर बसत होतं हे कळतं. एखाद्या गादीतली लोकर पुढे आणि मागे दबून गठ्ठा झालेली असते, मधला भाग मात्र नव्यासारखा फुगीर. म्हणजे खोगीर दोन टोकांवर टेकत होतं आणि स्वाराचं सगळं वजन तिथेच पडत होतं. त्या घोड्याला पाहायला गेलं तर बरोबर त्याच जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात. दाबाने केसांची मुळं दुखावली की तिथे पुढे पांढरे केस येतात. असे ठिपके पाहिल्यावर नुसती गादी भरून देणं आम्हाला पटेना. खोगिराचा आतला सांगाडाच त्या पाठीच्या मापाचा हवा, असं ठरवून आम्ही स्वतःची खोगिरं बनवायला घेतली आणि जातींचा अभ्यास तिथून सुरू झाला.

सर्वाधिक काम थरोब्रेडचं येतं. ही जात इंग्लंडमध्ये १७व्या आणि १८व्या शतकात शर्यतीसाठी घडवली गेली. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची नरवंशावळ बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत जाते, आणि त्यांची वंशनोंद ठेवणारं जनरल स्टड बुक १७९१पासून आहे. छाती खोल, खांदा लांब आणि तिरपा, आणि मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा, म्हणजे विदर्स, चांगलाच वर आलेला. खोगिराची पुढची कमान उंच नसेल तर ती थेट त्या हाडावर घासते.

ज्याच्यापासून हे रक्त आलं तो अरबी घोडा मात्र वेगळाच. चेहऱ्याला आतल्या बाजूने बाक, शेपूट वर उचललेली आणि पाठ आखूड. घोड्याला साधारणपणे बरगड्यांच्या १८ जोड्या आणि कमरेचे ६ मणके असतात. काही अरबी घोड्यांत हेच आकडे १७ आणि ५ असतात. वाळवंटात लांब पल्ला मारणारं हे शरीर आहे. आम्हाला त्याचा अर्थ सरळ आहे. खोगिराचं वजन शेवटच्या बरगडीपलीकडे जाता कामा नये, म्हणून अरबीची गादी आखूडच हवी. मोठ्या मापाचं खोगीर खाली जाड कापड घालून ‘बसवून’ घ्यायची पद्धत आम्हाला मान्य नाही. कापडाने दाब थोडा पसरतो, जागा वाढत नाही.

तुर्कमेनिस्तानचा अखल-टेके म्हणजे लांब पाठ, अरुंद छाती आणि धातूसारखी चमकणारी कांती. १९३५ साली या घोड्यांवरून स्वार अश्गाबादहून मॉस्कोला ८४ दिवसांत पोचले, वाटेत काराकुमचं वाळवंट होतं. दुसऱ्या टोकाला आइसलँडचा घोडा : बुटका, रुंद, विदर्स जवळजवळ सपाट. तो वाहून नेतो मात्र मोठ्या माणसाला, तेही ‘टोल्ट’ या चालीत, ज्यात स्वाराला धक्काच बसत नाही. तिथे बाहेरचा घोडा आणायला शतकानुशतकं बंदी आहे, आणि एकदा देशाबाहेर गेलेला घोडाही परत येऊ शकत नाही. रोग शिरू नये म्हणून वापरलेलं खोगीर आणि लगामसुद्धा आत नेता येत नाहीत. खोगीर बनवणारा म्हणून मला या नियमाबद्दल फार आदर आहे.

लगामाच्या कामात मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांनी आम्हाला नवीन विचार करायला लावला. राजस्थान आणि सौराष्ट्रातल्या या जातींचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांना भिडतात. कपाळपट्टी थोडी आखूड झाली तर डोक्यावरचा पट्टा पुढे ओढला जाऊन कानाच्या मुळाशी रुततो आणि घोडा डोकं झटकू लागतो. मग स्वाराला वाटतं, जनावर हट्टी आहे. आम्ही या दोन्ही जातींसाठी कपाळपट्टी लांब ठेवतो आणि डोक्यावरचा पट्टा कानामागे खोलगट कापतो.

ओढकामाच्या शायर, पर्चेरॉन यांच्यासारख्या जातींचा साज हे वेगळंच शास्त्र आहे. त्यांचा खांदा जास्त उभा असतो, त्यामुळे गळपट्टा खांद्यावर नीट टेकतो आणि ओझं दोन्ही खांद्यांच्या जोरावर ओढलं जातं. हे काम आम्ही थोडंच करतो.

माणसानेच घोड्याची पाठ निवडली, याचा पुरावा २०२१ साली जुन्या हाडांतल्या डीएनएच्या अभ्यासातून पुढे आला. आजच्या पाळीव घोड्याचं मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातल्या गवताळ प्रदेशात, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचं ठरलं. तिथून पसरलेल्या घोड्यांत दोन जनुकं ठळकपणे निवडली गेलेली दिसली. त्यातल्या एकाचा संबंध शांत स्वभावाशी असावा, दुसऱ्याचा पाठीच्या बळकटीशी. हे वाचलं तेव्हा आमचे सगळे कारागीर काम थांबवून ऐकत होते.

साचा घेण्याची रीत साधी आहे. खांद्याचं हाड संपतं त्याच्या दोन बोटं मागे लवचिक पट्टी पाठीवर दाबून वाकवायची आणि तो आकार कागदावर उतरवायचा. मग पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीजवळ पुन्हा तसंच. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखं वजन टाकून उभा हवा. हे कागद आम्ही जातवार लावून ठेवले आहेत. जात अंदाज देते, निर्णय कागद देतो, कारण एकाच जातीतले दोन घोडे सारखे नसतात आणि एकाच घोड्याची पाठही वयाने आणि कसरतीने बदलते.

सध्या बाकावर भीमथडीचं काम आहे. भीमेच्या खोऱ्यातल्या स्थानिक तट्टांत अरबी आणि तुर्की रक्त मिसळून मराठ्यांच्या काळात ही जात घडली, आणि दख्खनच्या डोंगरवाटांवरच्या स्वाऱ्या तिनेच पेलल्या. देह लहान, बांधा काटक. मोठ्या घोड्याचा सांगाडा कापून लहान करणं इथे चालत नाही, कारण कमानीचा कोनच निराळा लागतो. म्हणून या मापाचे नवे लाकडी सांगाडे आम्ही करायला घेतले आहेत, आणि त्यासाठी जमतील तितक्या भीमथडींच्या पाठींचे साचे गोळा करतो आहोत.