आम्लात हरवलेले जस्त

मेटॅलोथायोनिन या धातू धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा नमुना पहिल्यांदा लिक्विड क्रोमॅटोग्राफीतून (द्रवाच्या प्रवाहात घटक वेगळे करणारे तंत्र) मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात सोडला, तेव्हा पडद्यावर ६,१२५ डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) हे वस्तुमान स्वच्छ उमटले. सशाच्या यकृतातल्या त्या प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून मी मांडलेल्या हिशेबाशी ते अगदी जुळले आणि मला आनंद झाला. गडबड नेमकी तिथेच होती. हिशेब नुसत्या प्रथिनाचा होता, म्हणजे आत धातूचा एकही अणू उरला नव्हता.

१९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडातल्या कॅडमियमचा माग काढताना मार्गोशेस आणि व्हॅली यांच्या हाती लागलेल्या या प्रथिनात जेमतेम साठएक अमिनो आम्ले असतात. त्यांतील २० सिस्टीनांची (गंधक असलेल्या अमिनो आम्लांची) गंधके मिळून जस्ताचे किंवा कॅडमियमचे ७ अणू, चार एका झुबक्यात आणि तीन दुसऱ्यात, धरून ठेवतात. मोबाइल फेजमध्ये, म्हणजे नमुना वाहून नेणाऱ्या द्रवात, ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड घालण्याची आम्हा सर्वांच्या हाताला सवय असते. त्याचा पीएच ३ च्या खाली जातो, हायड्रोजन गंधकावर जाऊन बसतो आणि जस्त सुटून जाते. तांबे मात्र चिवट, ते आम्लालाही बरेच दाद देत नाही.

मग आम्ल सोडून पीएच ७ च्या आसपासचे अमोनियम ॲसिटेट घेतले (फॉस्फेट चालत नाही, त्याचे मीठ मास स्पेक्ट्रोमीटरच्या आयन-स्रोताच्या तोंडाशी साचते) आणि साइझ एक्स्क्लूजनचा, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणारा कॉलम लावला. या वेळी आकडा आला ६,५६९. फरक ४४४ चा: जस्ताचा प्रत्येक अणू ६५.४ घेऊन येतो, पण दोन हायड्रोजन घालवतो, म्हणजे निव्वळ ६३.४, सात वेळा. ही बेरीज मी वहीत हातानेच केली. जस्ताऐवजी कॅडमियम भरले असते, तर ६,८९८ दिसले असते.

याच्या जोडीला आयसीपी-एमएस, म्हणजे धातू मोजणारे दुसरे मास स्पेक्ट्रोमीटर लागतेच. आर्गॉनच्या प्लाझ्मात प्रथिनाची राख होते आणि कोणता धातू कितव्या मिनिटाला बाहेर पडला एवढेच कळते. तो कोणाचा, हे पहिल्या यंत्राला विचारावे लागते. २८० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाच्या डिटेक्टरवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण तो प्रकाश शोषणारी ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले नसल्याने हे प्रथिन तिथे जवळपास अदृश्य असते.

आयसीपी-एमएसमध्ये प्रथिनाशिवाय नुसते बफर (ते अमोनियम ॲसिटेटचे द्रावण) सोडले तरी ६६ या वस्तुमानावर जस्ताचा एक छोटा उंचवटा काही दिवस हटत नव्हता. कॉलम ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनाने धुतला, पोलादी जोडण्या काढून पीक (PEEK) या प्लास्टिकच्या नळ्या बसवल्या, तरी तो तसाच. शेवटी सापडला तो हातमोज्यांत: रबर पक्के करताना त्यात जस्ताची संयुगे घालतात.