उत्साहाला अकरा तासांची सक्तीची विश्रांती

जर्मनीतील कामाच्या वेळेचा कायदा १९९४ सालचा आहे. एका दिवसाचे काम संपल्यापासून पुढच्या दिवसाचे काम सुरू होईपर्यंत कामगाराला किमान ११ तासांची सलग विश्रांती मिळालीच पाहिजे, असे त्यातील एक कलम सांगते. नोकरीला लागताना मी ते वाचून सही केली होती. परंतु ते माझ्या भल्यासाठी माझ्याच इच्छेविरुद्ध वापरले जाईल, असे तेव्हा मनातही आले नव्हते.

स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात मी पंपांच्या चाचण्या घेते. मध्यंतरी एका नव्या पंपाचा कंप ठरावीक वेगाला पोहोचताच मर्यादेबाहेर जाऊ लागला आणि बेअरिंग, कपलिंग, अलाइनमेंट असे सगळे तपासूनही कारण हाती लागेना. संध्याकाळी बाकीचे निघून गेले. मी रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला सोबतीला घेऊन थांबले. तळाचा एकेक बोल्ट सैल करून पाहत होतो. तिसऱ्या बोल्टला पाना लावला मात्र, पडद्यावरची कंपाची रेषा झरकन खाली आली. पंपाचा एक पाय बैठकीवर नीट टेकलेलाच नव्हता, आणि बोल्ट आवळला की सारा सांगाडा पिळला जात होता. त्या पायाखाली नेमक्या जाडीची शिम, म्हणजे फट भरणारी धातूची पातळ पट्टी, सरकवल्यावर पंप सुरळीत चालू लागला. असा आनंद पगारात मोजता येत नाही, हे ज्याने कधी असे काही शोधून काढले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हे सांगण्यासाठी मी जवळजवळ धावतच पोहोचले, तर विभागप्रमुखांनी पंपाचे नावही न काढता हजेरीची नोंद माझ्यापुढे ठेवली. रात्री साडेअकराला बाहेर पडलेल्या मला सकाळी साडेदहाच्या आत कामाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिवाय दिवसाला ८ तास, फार तर १०, आणि तेही सहा महिन्यांच्या किंवा २४ आठवड्यांच्या सरासरीत ८ वरच आले पाहिजेत, हा नियमही मी मोडला होता. त्यापायी कंपनीला ३०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. आवाज जराही न चढवता त्यांनी मला घरी जायला सांगितले. जादा वेळेला कामगार मंडळाची, म्हणजे कर्मचाऱ्यांनीच निवडून दिलेल्या प्रतिनिधींची, संमती लागते, तेव्हा पुढच्या खेपेस आधी विचारावे, अशी पुस्तीही जोडली. बिघाड आधी वर्दी देऊन येत नाही, हे त्यांना कोणी सांगावे?

तो राग अजून पुरता ओसरलेला नाही. तहानभूक विसरून काम करणाऱ्या माणसाचे कौतुक होते, निदान कोणी पाठीवर हात तरी ठेवते, अशा वातावरणात मी घडले. इथे तोच गुण नियोजनातील दोष म्हणून नोंदवला जातो. गंमत म्हणजे याच कायद्याच्या १८व्या कलमाने उच्चपदस्थ अधिकाऱ्यांना या बंधनांतून वगळले आहे. म्हणजे झपाटून काम करायला हरकत नाही, फक्त त्यासाठी आधी पुरेसे वर चढलेले असावे! साहेब उठेपर्यंत खुर्चीला चिकटून बसण्याची आपल्याकडची रीत मलाही मान्य नाही, आणि तिथे असा कायदा काटेकोरपणे पाळला गेला तर अनेकांचे भलेच होईल. पण ते बसणे आणि माझे थांबणे एकाच मापाने कसे मोजायचे?

ही माणसे कोरडी आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. या श्वाबेन भागातील एका म्हणीचा आशयच असा आहे की, कोणी रागावले नाही म्हणजे पुरेसे कौतुक झाले. आमच्या जुळणी विभागातील वयस्कर मायस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, ठरल्या वेळी हात धुऊन घरी जातो, आणि त्यानंतर त्याला फोन करण्याची कोणाची प्राज्ञा नाही. परंतु कामाच्या वेळेत तो यंत्रावर कापून घडवलेल्या प्रत्येक भागाच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवतो, बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली धातूची बारीक कूस, जाणवली की स्वतः कानस घेतो, आणि ती कड पुढे झाकणाआड जाणार असली तरी सोडत नाही. एकदा विक्री विभागाने घाई केली, तेव्हा लाल झालेल्या चेहऱ्याने त्याने टेबलावर हात आपटला आणि ती खेप अडवून धरली. त्या वेळी कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. त्याचा जीव कामात आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. फक्त त्याचे प्रश्न साडेतीनच्या आत सुटण्याजोगे असतात, आणि माझे नेहमी तसे नसतात.

वार्षिक आढाव्यात विभागप्रमुखांनी माझ्याविषयी दोन ओळी लिहिल्या: तांत्रिक काम उत्तम, वेळेच्या मर्यादा पाळण्याकडे लक्ष द्यावे. हा कागद माझ्या सेवा-फाइलमध्ये राहील. ती फाइल पाहण्याचा आणि तिला आपले निवेदन जोडण्याचा हक्क कर्मचाऱ्याला कायद्यानेच दिला आहे. तो मी बजावला. कंपाचा आलेख, शिमची जाडी आणि माझे म्हणणे असे दीड पानाचे निवेदन मी जोडले आहे, आणि ते मी कामाच्या वेळेतच लिहिले.