मोठे काम तोडून ठेवण्याचे कौशल्य

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत मदत करू इच्छिणारी माणसे पुष्कळ येतात, पण त्यांना हाती घेता येईल अशा आकारात मोठे काम कोणी तोडून ठेवलेले नसते, आणि माझ्या मते पुष्कळशी मोठी कामे तिथेच अडतात.

लिबरऑफिस या लेखन, तक्ते वगैरे कामांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. २०१० मध्ये हा प्रकल्प ओपनऑफिसपासून वेगळा झाला. ओपनऑफिस ज्यातून निघाले ते मूळचे स्टारऑफिस जर्मनीत घडलेले असल्यामुळे वारशाने मिळालेल्या अवाढव्य कोडमधल्या असंख्य कॉमेंट्स (प्रोग्रॅमरसाठी लिहिलेल्या टिपा) जर्मन भाषेत होत्या. त्या इंग्रजीत आणण्यासाठी जर्मन वाटणाऱ्या ओळी शोधून देणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली गेली आणि काम फोल्डरनुसार वाटता येऊ लागले. एखाद्याने एकच फाइल पूर्ण करून निरोप घेतला तरी त्याचे काम मुख्य कोडमध्ये दाखल होई, आणि पुढच्या माणसाला काय उरले आहे हे कोणाला न विचारता स्क्रिप्ट चालवून कळे. शिवाय कॉमेंट बदलल्याने प्रोग्रामच्या वागण्यात फरक पडत नसल्याने तपासणाऱ्यावरचा भारही हलका राहतो.

याच प्रकल्पाच्या ‘ईझी हॅक्स’ या नवख्यांसाठीच्या कामांच्या यादीत प्रत्येक नोंदीसोबत कामाची काठिण्यपातळी, लागणारी प्रोग्रॅमिंगची भाषा आणि कोडमध्ये नेमके कुठे पाहावे हे दिलेले असते. अशी नोंद नीट लिहायला अनुभवी प्रोग्रॅमरला कधी कधी तो बग (दोष) स्वतः दुरुस्त करण्याइतकाच वेळ लागतो, तरीही कमिटच्या, म्हणजे कोडमध्ये दाखल झालेल्या बदलांच्या, यादीत त्या श्रमाचा मागमूस राहत नाही. ही नोंद लिहिणे हेही योगदानच आहे आणि त्याचे श्रेय नावानिशी दिले जावे, असे मला मनापासून वाटते.

अर्थात, प्रत्येक काम असे तुटत नाही. २०१४ च्या ४.२ आवृत्तीत कॅल्क या लिबरऑफिसमधल्या स्प्रेडशीटमध्ये सेल (तक्त्यातले चौकोन) साठवण्याची पद्धतच मुळापासून बदलली. असला बदल अर्धवट सोडून चालत नाही, म्हणून तो सलग वेळ देऊ शकणाऱ्या मोजक्या लोकांकडेच असावा. स्वयंसेवकांना त्याच्या भोवतीच्या चाचण्या लिहिता येतात.

परीक्षा, नोकरी, घरचे आजारपण यांमुळे काम घेतलेला माणूस मध्येच दिसेनासा होतो, हे गृहीतच धरावे. काही आठवड्यांनी खुलासा न मागता ते काम मोकळे करावे आणि गेरिट या बदल तपासण्याच्या व्यवस्थेवरच्या त्याच्या अपुऱ्या पॅचचा (सुचवलेल्या बदलाचा) दुवा नोंदीत ठेवावा, म्हणजे पुढच्याला तिथूनच सुरुवात करता येते.