डावा कान

जोडपं आत आलं ते काकूंच्या तक्रारीसकट. "पन्नास वर्षं झाली, ह्यांना माझं सोडून सगळ्यांचं ऐकू येतं." मी कानांची तपासणी करते, हे वाक्य रोज ऐकते, त्यामुळे मनावर घेतलं नाही. काका ७५ वर्षांचे. १५ वर्षं हवाई दलात, मग बँकेत कॅशिअर. आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'वयोमानानुसार' एवढंच. हा शब्द लिहिला की पुढचं काही बघावं लागत नाही.

ध्वनिरोधक खोलीत बसवलं, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पण मी काही वाजवलेलं नसतानाही काका दाबत होते. त्यांच्या कानात कायमची शिट्टी, आणि ती नेमकी ४००० हर्ट्झच्या आसपासची, म्हणजे माझ्याच स्वराच्या अंगावर बसलेली. मग सलग स्वर सोडून तुटक दिला, टिट-टिट-टिट. त्यात दोन कानांत मोठा फरक. वाईट कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कानच उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून चांगल्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. घरोघर कानाची मशिनं विकत फिरणारी मुलं यातलं काहीच करत नाहीत. माझा पाऊण तास गेला.

आलेखावर उजव्या कानाचे लाल गोल वयाला शोभतील असे हळूहळू उतरत गेले. डाव्याच्या निळ्या फुल्या ४००० हर्ट्झला पार तळाला, आणि ८००० ला पुन्हा थोड्या वर. नुसत्या वयाने गेलेला कान असा वर येत नाही. दोन कानांत एवढा फरक असला की कानाच्या नसेवर गाठ नाही ना, हे आधी पाहायचं असतं. तो एमआरआय झालेला होता, स्वच्छ होता.

"काका, डाव्या बाजूला कसला आवाज असायचा?"

ते उठलेच. माझं टेबल म्हणजे कॅनबेरा विमान, टेबलाची दोन टोकं म्हणजे दोन इंजिनं. १९७१, पुण्याचा लोहगाव तळ, काका इंजिन फिटर. कॅनबेराचं इंजिन काडतुसावर सुरू व्हायचं. धडाम, काळा धूर, दिवाळीसारखा वास. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या तळांवर हल्ले केले आणि त्याच रात्री आपली कॅनबेरा पलीकडच्या तळांवर बॉम्ब टाकून आली. पुढेही कामं रात्रीचीच.

"काडतूस कधी कधी पेटायचं नाही. डावं इंजिन माझं. बदलायला त्याच्यासमोर उभा राहिलो की माझं तोंड शेपटीकडे. मग आधीच सुरू झालेलं उजवं इंजिन कुठे आलं?" त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. "आणि कानात कापूस."

बँकेत लोक त्यांना माजोरडा म्हणायचे. डावीकडून बोललेलं पोचायचंच नाही.

"पेन्शन वाढवून नको मला. 'लढाईत गेला' एवढं लिहून द्या. हिला दाखवायचंय."

मी लिहिलं, 'मोठ्या आवाजात दीर्घकाळ काम केल्याशी सुसंगत. वयाचा वाटा वेगळा काढता येत नाही.'

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "दुसरं वाक्य काढता येईल?"

नाही म्हटलं. लढाई तेरा दिवसांची, नोकरी १५ वर्षांची, वरची सगळी वर्षं वेगळीच, आणि आलेखावर रेघ एकच. नोकरी सोडतानाचा एखादा आलेख त्यांच्यापाशी असता तर वजाबाकी करता आली असती. नव्हता. काकूंनी कागद घेतला. "सुसंगत म्हणजे हो की नाही?" "बहुतेक हो," मी म्हटलं. तोंडी म्हणता आलं ते कागदावर का उतरलं नाही, हे अजून डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी चाकणच्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकण्याच्या गोंगाटात, नव्याने लागणारा मुलगा तपासणीला आला. दोन्ही कान ठणठणीत. मी रिपोर्टच्या दोन प्रती काढल्या, एक कंपनीला, एक त्याच्या हातात.

"ही कशाला मॅडम? नॉर्मलच आहे ना?"

"असू दे. हरवू नकोस."

त्याने चार घड्या घातल्या, हेल्मेटमध्ये कोंबली आणि गेला.